डिझेल उतरवले, पेट्रोल चढवले

थकलेले डिझेल इंजिन काढून त्या जागी पेट्रोल इंजिन बसवायचे, ही गोष्ट भारतातल्या ट्रकमालकाला उलटी गंगा वाटेल. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या काळात नेमके याच्या विरुद्ध काम चालले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले परदेशी ट्रक मालवाहतुकीत आले, ते पेट्रोलवर चालणारे. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा मालक त्यांत डिझेल इंजिने बसवू लागले. या कामासाठी नावाजलेले इंजिन म्हणजे इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरचे पी-६. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने १९५० च्या दशकात ते भारतातच बनवायला घेतले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडणाऱ्या डॉज-फार्गो ट्रकांतही पर्किन्सचे डिझेल आले. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचा ट्रक निघाला आणि माल वाहायचा तर डिझेलवरच, हे इथे पक्के होऊन बसले.

अमेरिकेची वाट वेगळी होती. तिथे पेट्रोल मुबलक आणि स्वस्त. शेतकरी, सुतार, प्लंबर, रंगारी अशा हातावर काम करणाऱ्या माणसाची गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक, आणि तो पेट्रोलच्या आठ सिलिंडरी व्ही-८ इंजिनावर धावायचा. डिझेल असे ते लांब पल्ल्याच्या अजस्र मालट्रकांत, रेल्वेच्या इंजिनांत आणि शेतातल्या ट्रॅक्टरात. १९७८ ते १९८५ या थोडक्या वर्षांत मात्र जनरल मोटर्स या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने घरगुती मोटारीत डिझेल घातले, आणि त्यातली पहिली काही वर्षे तेच इंजिन पिकअपमध्येही दिले. त्यानंतर कितीतरी वर्षे अमेरिकन मेकॅनिक ती इंजिने उतरवून पेट्रोलची चढवत होते. कारखान्यात वाचवलेला पैसा शेवटी कोणाच्या खिशातून जातो, याचा इतका स्वच्छ दाखला मोटारींच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

सुरुवात ऑक्टोबर १९७३ पासून होते. अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेचा पुरवठा रोखला. पिंपामागे साधारण ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकन संसदेने कायदाच केला: प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या मोटारींची सरासरी काढायची, ती १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल भरली पाहिजे आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस. आपल्या हिशेबात सांगायचे तर लिटरला साडेसात किलोमीटरवरून पावणेबारावर यायचे. पाच-साडेपाच मीटर लांबीच्या, दोन टन वजनाच्या गाड्या विकून पैसा कमावणाऱ्या कंपनीपुढे हे मोठेच संकट होते. गाड्या लहान कराव्यात तर गिऱ्हाईक बिथरणार, तशाच ठेवाव्यात तर कायदा आडवा येणार.

यातून सुटण्याचा एक मार्ग युरोपातून दिसत होता. मर्सिडीज आणि प्यूजो यांच्या डिझेल मोटारी अमेरिकेत थोड्या प्रमाणात विकल्या जात. १९७७ मध्ये फोक्सवॅगनची छोटी रॅबिट डिझेलवर आली आणि तिच्या कमी खर्चाची चर्चा झाली. मोठी गाडी तशीच ठेवून तिच्या पोटात डिझेल घातले, तर सरासरी सुधारेल आणि गिऱ्हाईकही हातचे जाणार नाही, असा विचार जनरल मोटर्समध्ये बळावला. काम मिशिगन राज्यातल्या लान्सिंगच्या ओल्ड्समोबिल विभागाकडे आले. १९७८ सालच्या मॉडेलांत ५.७ लिटरचे, म्हणजे ३५० घन इंचांचे डिझेल व्ही-८ हजर झाले. पहिल्यांदा ते ओल्ड्समोबिलच्या मोठ्या गाड्यांत बसले, हळूहळू कॅडिलॅक, ब्यूइक, पाँटियाक अशा भावंडांतही गेले. शेव्हरोले आणि जीएमसी यांच्या अर्ध्या टनाच्या पिकअपमध्येही ते १९७८ ते १९८१ या काळात मिळत होते.

इथून पुढे नीट पाहायला हवे, कारण सगळी मेख इथेच आहे.

ओल्ड्समोबिलकडे ३५० घन इंचांचे पेट्रोल इंजिन आधीच होते. चांगले, टिकाऊ, लोकांच्या ओळखीचे. डिझेल म्हणजे त्याच इंजिनात चार बदल करून केलेली लबाडी, असे अनेक वर्षे बोलले गेले. ते खरे नाही. डिझेलचा ब्लॉक वेगळा ओतला होता. त्याच्या भिंती जाड होत्या, क्रँकशाफ्ट ज्या मेन बेअरिंगांवर फिरतो त्यांचा व्यास अडीच इंचांवरून तीन इंच केला होता. ओल्ड्समोबिलच्या अभियंत्यांनी तळाकडचा भाग मनापासून मजबूत केला. तडजोड झाली ती वरच्या बाजूला. ब्लॉकवर हेड आवळून धरणारे बोल्ट पेट्रोल इंजिनात प्रत्येक हेडला दहा होते, चार सिलिंडरांच्या दोन्ही अंगांना पाच-पाच. डिझेलमध्येही तेवढेच ठेवले, आणि त्याच जागी. असे केल्याने ब्लॉकला भोके पाडणारी, आटे कापणारी यंत्रांची रांग बदलावी लागली नाही. दोन्ही ब्लॉक एकाच रांगेवरून पुढे सरकू शकले. यंत्रसामग्रीचा नवा खर्च वाचला.

तो वाचायला नको होता. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण साधारण आठपट दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी त्याला पेटवते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. नुसती हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी, आणि त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. ओल्ड्समोबिलच्या डिझेलमध्ये हा दाब साडेबावीस पट होता. कुकरचे झाकण आणि बॉयलरचे झाकण एकाच मापाच्या स्क्रूने बंद करण्यासारखे हे होते. हजारो मैल चालल्यावर बोल्ट ताणले जात, हेड केसभर उचलले जाई आणि गॅस्केट उडे. गॅस्केट उडाले की रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरायचे. पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन तिथल्या तिथे बसते. मालकाला दिसायचे एवढेच की काल चालणारी गाडी आज सेल्फ मारला तर हलत नाही.

दुसरा घोटाळा इंधनाचा. डिझेलमध्ये पाणी मिसळलेले असणे ही तेव्हा अमेरिकन पंपांवर नेहमीची गोष्ट होती. इराणमधल्या क्रांतीनंतर १९७९ मध्ये पुन्हा टंचाई झाली तेव्हा तर मिळेल ते इंधन लोक भरत होते. डिझेलचा पंप अतिशय बारीक मापाचा असतो आणि त्याला वंगण मिळते ते डिझेलचेच. पाण्याने तो गंजतो. मालट्रकांवर पाणी वेगळे करणारा फिल्टर असे. या मोटारींवर सुरुवातीला तो दिला नाही. टाकीत पाणी झाले म्हणून मालकांनी पेट्रोल गाडीचा जुना उपाय केला आणि अल्कोहोलयुक्त द्रव्य ओतले. पेट्रोल गाडीला त्याने बरे वाटे, डिझेलचा पंप मात्र त्याने लवकर खराब होई. त्यात पंपाची वेळ कॅमशाफ्टच्या साखळीवर अवलंबून होती. साखळी ढिली पडली की फवारा उशिरा पडायचा, धूर वाढायचा, ताकद उतरायची.

आणि ताकद मुळात होतीच कमी. १९७८ मध्ये ओल्ड्समोबिलचे ३५० चे पेट्रोल इंजिन १७० अश्वशक्ती देत होते, डिझेल १२०. दोन वर्षांत तीही १०५ वर आली. हौद्यात विटा भरलेला पिकअप घाट चढताना हा फरक कोणाला सांगावा लागत नाही.

कंपनीच्या विक्रेत्यांकडचे मेकॅनिक पेट्रोल इंजिनावर हात बसलेले. डिझेलचे हेड उतरवल्यावर जुने, ताणले गेलेले बोल्टच पुन्हा वापरले जायचे, कारण पेट्रोलमध्ये तसे चालून जाई. नवे गॅस्केट, जुने बोल्ट, आणि काही महिन्यांनी तीच गाडी पुन्हा दारात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण नवे तंत्र विकायला काढून ते दुरुस्त करणाऱ्याला नीट न शिकवणे, ही चूक वरच्यांची होती.

तक्रारींचा ढीग साठत गेला. मालकांनी एकत्र येऊन दावे लावले. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला ‘लेमन लॉ’ केला: नवी गाडी पुन्हापुन्हा बिघडत असेल तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. १९८३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्सशी करार करून मालकांच्या तक्रारी लवादापुढे नेण्याची सोय करून घेतली. त्यात या डिझेलचे पंप होते, तसेच या गाड्यांवर बसणारे हलके, लवकर निकामी होणारे २०० क्रमांकाचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनही होते. काहींना थोडेफार पैसे मिळाले. बहुतेकांपुढे प्रश्न तसाच उभा राहिला. गाडीचा पत्रा चांगला, आतली गादी चांगली, हौदा ठणठणीत, हप्ते अजून फिटायचे, आणि इंजिन मात्र मेलेले. विकायला काढावी तर डिझेल म्हटल्यावर गिऱ्हाईक पाठ फिरवे.

अशा वेळी गावातल्या गॅरेजवाल्याने जो तोडगा काढला, तो कारखान्याच्या त्याच बचतीतून आला होता. डिझेल आणि पेट्रोलचे ब्लॉक एकाच रांगेवर घडले होते, म्हणून बाहेरून ते जुळे भाऊ होते. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते ते बोल्ट एकाच जागी. मागे ट्रान्समिशन ज्या भोकांत जोडले जाते तीही त्याच मांडणीची. ओल्ड्समोबिलचे ३५०, ४०३, अगदी जुने मोठे ४५५ घन इंचांचे पेट्रोल इंजिनसुद्धा त्या जागेत जाऊन बसे. १९८० पासून येणारे ३०७ तर होतेच. भंगार यार्डात अशा गाड्या रांगेने पडलेल्या होत्या: मागून ठोकर बसून पत्रा गेलेल्या, पण इंजिन शाबूत असलेल्या. यार्डवाल्याकडून एक इंजिन उचलायचे, चेनपुलीने डिझेल बाहेर काढायचे, पेट्रोल आत सोडायचे.

ऐकायला हे एका रविवारचे काम वाटते. प्रत्यक्षात इंजिन बसवणे सोपे, त्याच्या भोवतीचे सगळे जमवणे अवघड.

बॅटरीपासून सुरुवात करू. डिझेलला साडेबावीस पट दाब देत फिरवायचे तर सेल्फला भरपूर करंट लागतो. शिवाय थंडीत सिलिंडर गरम करणारे हीटर प्लग. म्हणून या गाड्यांवर दोन बॅटऱ्या असत. पेट्रोल आल्यावर एक उतरवायची, हीटर प्लगचा कंट्रोलर आणि त्याच्या वायरी काढायच्या. डॅशबोर्डवरचा ‘थांबा’ सांगणारा हीटरचा दिवा कायमचा विझायचा. पण उलट, डिझेलला न लागणारी इग्निशनची वायर आता हवी असते. किल्ली फिरवल्यावर डिस्ट्रिब्यूटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि सेल्फ मारतानाही ते तुटता कामा नयेत. ज्याने चुकीच्या वायरीला जोड दिला, त्याची गाडी सेल्फ मारताना धडधडे आणि किल्ली सोडली की बंद पडे.

मग हवेच्या पोकळीचा, व्हॅक्यूमचा प्रश्न. पेट्रोल इंजिनात कार्ब्युरेटरची झडप हवा अडवते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये आपोआप पोकळी तयार होते आणि तिच्यावर ब्रेकचा बूस्टर, एसीच्या झडपा, क्रूझ कंट्रोल चालतात. डिझेलला अशी झडपच नसते, हवा मोकळी आत येते. म्हणून ओल्ड्समोबिलने वेगळा व्हॅक्यूम पंप दिला होता, आणि तो बसवला होता नेमका इंजिनाच्या मागच्या बाजूला, पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर जिथे उतरतो त्या जागी. पेट्रोल इंजिन आले की त्या भोकात पुन्हा डिस्ट्रिब्यूटर आणि व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डला.

टाकी हा सगळ्यांत किचकट भाग. डिझेलची टाकी, तिच्यातली जाळी, परतीची नळी हे सगळे धुऊन कोरडे करावे लागे; तळाशी डिझेल राहिले तर पेट्रोल इंजिन धूर ओकत राही. शिसेविरहित पेट्रोलच्या गाड्यांना टाकीच्या तोंडाशी अरुंद कडे असे, म्हणजे शिसे घातलेल्या पेट्रोलची जाड नळी आत जाणारच नाही. डिझेल गाडीला ते कडे नव्हते. पेट्रोलची वाफ उडते, डिझेलची जवळजवळ उडत नाही. त्यामुळे वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबाही डिझेल गाडीवर नसायचा. तो, त्याच्या नळ्या आणि टाकीचे झाकण हे सगळे दुसऱ्या पेट्रोल गाडीवरून आणावे लागे. सायलेन्सरच्या रांगेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा. अॅक्सिलरेटरची केबल वेगळी. ट्रान्समिशनही डिझेलच्या चालीला लावलेले: डिझेल मिनिटाला साडेतीन-चार हजारांच्या आतच फिरते, म्हणून गिअर लवकर बदलायचे. पेट्रोल बसवल्यावर गिअर बदलण्याची वेळ ठरवणारा गव्हर्नर न बदलता सोडला, तर इंजिन जोरात यायच्या आधीच गिअर वर सरके आणि मालक म्हणे, एवढा खटाटोप करून गाडी पळतच नाही.

म्हणून अनुभवी मेकॅनिकचा सल्ला एकच असे: नुसते इंजिन आणू नका, सबंध गाडी आणा. त्याच सालची, त्याच कंपनीची, पेट्रोलची ठोकर बसलेली गाडी दारात उभी करायची आणि बोनेटच्या पुढच्या टोकापासून सायलेन्सरच्या मागच्या टोकापर्यंत एकेक वस्तू इकडची तिकडे करायची. ब्रॅकेट, पुल्या, नळ्या, वायरिंगचा जुडगा, रेडिएटरचा फॅन. हा सल्ला कायद्याच्या दृष्टीनेही बरा होता. प्रदूषण नियंत्रणाच्या अमेरिकन कायद्यानुसार इंजिन बदलायला सरसकट बंदी नव्हती, पण बदल झालेली गाडी कंपनीने त्या वर्षी किंवा नंतर प्रमाणित केलेल्या एखाद्या गाडीसारखी सर्व साधनांसह दिसली पाहिजे, अशी अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका होती. कॅलिफोर्नियात तर तपासनीस बोनेट उघडून एकेक नळी पाही.

हे काम कोणी केले, किती जणांनी केले, याची नोंदवही कुठे नाही. पण ते सार्थ होते. इंजिनामुळे भंगारात जाऊ पाहणाऱ्या हजारो किलो चांगल्या लोखंडाला त्याने पुन्हा रस्त्यावर आणले, आणि ज्याच्या पोटापाण्याचे साधन तो ट्रक होता त्याला नवा हप्ता डोक्यावर घ्यावा लागला नाही.

डिझेलची बाजू दुसरीकडूनही ढासळत होती. १९८१ मध्ये या डिझेल गाड्यांची विक्री शिखराला पोहोचली आणि लगेच घसरली. पेट्रोलचे भाव उतरू लागले. १९८४ मध्ये केंद्र सरकारने डिझेलवरचा कर गॅलनला ९ सेंटवरून १५ सेंट केला, पेट्रोलवर तो ९ सेंटच राहिला. ज्या बचतीच्या आशेने गिऱ्हाईकाने जास्त पैसे मोजले, ती बचत पंपावरच संपली. १९८५ नंतर ओल्ड्समोबिल डिझेल बंद झाले. १९८६ मध्ये कच्चे तेल कोसळले तेव्हा त्याची आठवण काढणारेही उरले नव्हते.

जनरल मोटर्सला धडा कळला नव्हता असे नाही. १९८२ मध्ये पिकअपसाठी ६.२ लिटरचे नवे डिझेल आले. ते पेट्रोल इंजिनाच्या रांगेवर घडवलेले नव्हते, मुळापासून डिझेल म्हणूनच आखलेले होते. त्याच्या प्रत्येक हेडला बोल्ट होते १७. ओल्ड्समोबिलनेही त्याच सुमारास सहा सिलिंडरी डिझेल काढले, त्यात बोल्टांची संख्या वाढवली आणि ते बऱ्यापैकी टिकले. सात अधिक बोल्टांची किंमत कारखान्याला किती पडली असेल? पहिल्याच वर्षी ती मोजली असती, तर अमेरिकन माणसाच्या मनात मोटारीतल्या डिझेलविषयी जी अढी बसली ती कदाचित बसली नसती.

६.२ लिटरच्या इंजिनालाही पुढे पेट्रोलसाठी जागा सोडावी लागली, पण वेगळ्या कारणाने. ते लष्कराने घेतले. १९८० च्या दशकातल्या शेव्हरोलेच्या लष्करी पिकअपमध्ये आणि हम्वीमध्ये ते होते. या लष्करी पिकअपवर दोन अल्टरनेटर आणि २४ व्होल्टचा सेल्फ असे, म्हणजे लष्कराच्या इतर वाहनांशी जुळावे. लिलावात त्या गाड्या शेतकऱ्यांच्या हाती आल्या तेव्हा इंजिने वयोमानाने झिजलेली होती. डिझेल पुन्हा बांधायचा खर्च मोठा. उलट शेव्हरोलेचे ३५० चे पेट्रोल इंजिन देशातले सर्वांत सहज मिळणारे, तयार खोक्यात बंद नवेकोरेही मिळे. ट्रान्समिशनकडची भोके दोघांची एकच. १९९९ नंतर शेव्हरोलेच्या ट्रकांत ५.३ आणि ६ लिटरची नवी पेट्रोल इंजिने आली, ती यार्डात पोहोचली आणि ३५० ची जागा त्यांनी घेतली. आता कार्ब्युरेटरऐवजी संगणक, सेन्सर आणि वायरिंगचा जुडगा जमवणे हे काम झाले, पण मूळ हिशेब बदलला नाही: डिझेल बांधायला लागणारे पैसे आणि पेट्रोल बसवून जास्त जळणारे इंधन, यांत वर्षाला किती मैल चालायचे यावर निर्णय. रोज जड ट्रेलर ओढणाऱ्याने डिझेलच ठेवावे. आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्याला पेट्रोल परवडते.

या कहाणीतला सर्वांत न्याय्य भाग बदनाम झालेल्या ब्लॉकच्या वाट्याला आला. यार्डात फेकलेल्या ओल्ड्समोबिल डिझेलचे ब्लॉक शर्यतवाल्यांनी उचलायला सुरुवात केली. जाड भिंती, तीन इंची मेन बेअरिंग, मजबूत ओतकाम: डिझेलच्या माराला तोंड देण्यासाठी केलेली ही सगळी तयारी पेट्रोलच्या शर्यतीत गरजेपेक्षा जास्त ठरली. त्यावर पेट्रोलचे हेड, मोठा क्रँक, ठिणगीचे इग्निशन बसवून पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींसाठी दणकट इंजिने बांधली गेली. अंगावर ‘डी’ ओतलेले ब्लॉक यार्डात शोधत फिरणारे लोक निघाले. तळ घडवणाऱ्या अभियंत्यांनी आपले काम चोख केले होते, याचा हा उशिरा मिळालेला पुरावा.

डिझेल उतरवून पेट्रोल चढवण्याची वेळ महाराष्ट्रावरही आली, आणि ती मुंबईत. नव्वदच्या दशकात डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, म्हणून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांमधली १०८९ सीसीची पेट्रोल इंजिने उतरली होती आणि डिझेल आली होती. पन्नासच्या दशकात डॉजमध्ये पर्किन्स बसवणाऱ्या कुर्ल्याच्या प्रीमियरचीच ही मोटार. शहराच्या हवेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढच्या काही वर्षांत टॅक्स्या सीएनजीवर नेण्याचे आदेश आले. सीएनजीला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात नुसते गॅसचे किट बसत नाही. दाब कमी करायचा, प्लगची सोय करायची, म्हणजे इंजिनच नव्याने घडवायचे. त्यापेक्षा पुन्हा पेट्रोल इंजिन आणून त्यावर किट लावणे टॅक्सीवाल्याला परवडणारे होते. पेट्रोल, मग डिझेल, मग पुन्हा पेट्रोल आणि वर गॅस, असा तिहेरी प्रवास एकाच पत्र्याच्या गाडीने केला. अमेरिकेत कारखान्याच्या चुकीपायी जे काम झाले, ते इथे हवेसाठी झाले. वायर, नळी, टाकी, ब्रॅकेट जुळवण्याची कसोटी मात्र दोन्हीकडच्या मिस्त्रीला सारखीच लागली.

अमेरिकेतल्या त्या इंजिनाविषयी न्यायालयाची कागदपत्रे आहेत, सरकारी करार आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. मुंबईच्या गॅरेजांत त्या वर्षांत इंजिने चढवणाऱ्या मिस्त्रींच्या हकिकती कागदावर फारशा उतरलेल्या नाहीत. कोणते इंजिन कुठून आणले, बोनेटखाली जागा कशी केली, टाकी डिकीत कशी बांधली, आरटीओत पास करून घेताना काय काय विचारले गेले, हे सांगणारी माणसे अजून आहेत. ज्यांच्या घरात, गल्लीत किंवा ओळखीत असा मिस्त्री असेल, त्यांनी वही-पेन घेऊन त्याच्याजवळ बसावे आणि तो सांगेल ते तारखांसह लिहून ठेवावे.